तांब्या बंद

कर्जत, ४ डिसेंबर १९७२

आज मला एक दुर्मिळ रोग सापडला. रोग अर्थातच दुसऱ्या कुणाच्या तरी अंगात आहे. पण खरूज, हिवताप आणि ‘अंग मोडून आलंय’ यांच्या संगतीत अठरा वर्षं काढलेल्या तालुक्याच्या डॉक्टरला एवढा हर्ष माफ असावा. औषध कंपनीच्या माणसानं नव्या वर्षाची डायरी आगाऊच आणून दिली होती. तिची सुरुवातीची कोरी पानं या निमित्तानं वापरायला काढली.

मिरजगावची झुंबरबाई मुलीला घेऊन आली. मुलगी मुक्ता, एकोणीस वर्षांची, लग्न होऊन दोन वर्षं झालेली. हात पुढे कर म्हटलं तर पाखरानं पंख झाडावेत तसे दोन्ही हात खांद्यापासून फडफडायला लागले. बोलणं तोंडात चिखल धरल्यासारखं. ती काहीतरी म्हणते, आई ते मराठीत करून सांगते. सासरच्यांनी आधी ढोंग म्हटलं, मग देवऋषी बोलावला, आणि त्याच्यानं झालं नाही तेव्हा एसटीत बसवून माहेरी पाठवून दिली.

थोरला भाऊ भीमा. तोही असाच थरथरायचा. डोळे पिवळे झाले, पोट फुगलं आणि विसाव्या वर्षी गेला. झुंबरबाईला मुलं दोनच. हे सगळं तिनं बाजारभाव सांगावा तशा कोरड्या आवाजात सांगितलं आणि शेवटी म्हणाली, “ह्ये येक ऱ्हायलंय. ह्येचं तेवढं बगा.”

मी बॅटरी घेऊन मुक्ताच्या डोळ्यांत पाहिलं आणि जागच्या जागी ताठ झालो. बुबुळाच्या कडेनं हिरवट-तपकिरी कडं. हे कडं मी परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. जन्मात कधी पाहीन असं वाटलं नव्हतं. विल्सनचा रोग. पोटात गेलेलं तांबं बाहेर टाकायची सोय आपल्या सगळ्यांच्या शरीरात असते, ती या लोकांत जन्मतःच नसते. मग तांबं साठत जातं, आधी यकृतात, मग मेंदूत, मग डोळ्यांत. आईबाप दोघांकडून दोष आला तरच होतो.

घरी येऊन सौ.ला हे सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, “बरी होईल का पोरगी?”

मी म्हटलं, “अगं, आधी रोग तर समजून घे.”

नगर, ८ डिसेंबर

मुक्ताला इथल्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे आणलं. त्यांच्या यंत्रात ते कडं इतकं स्वच्छ दिसलं की ते स्वतःच उठून कंपाउंडरला बोलावायला गेले. कंपाउंडर बघून गेला. मग शेजारचे दातांचे डॉक्टर आले. मग डॉक्टरांच्या मंडळी चहा घेऊन आल्या, त्यांनीही पाहिलं. मुक्ता हनुवटी टेकवून बसून होती. निदान पक्कं.

तिथून डॉ. आप्पासाहेब गुंडांकडे गेलो. आप्पासाहेब आमच्या जिल्ह्याच्या डॉक्टर मंडळाचे अध्यक्ष, मी चिटणीस. त्यांना परिषदा भरवण्याचा छंद आहे, पण विषय मिळत नाही म्हणून गेली दोन वर्षं सर्पदंशावर भागवतायत. विल्सनचं नाव ऐकताच त्यांनी खुर्ची पुढे ओढली. फेब्रुवारीत परिषद. विषय: शरीराच्या हालचाली बिघडवणारे दुर्मिळ आनुवंशिक रोग. प्रमुख पाहुण्या मुंबईच्या डॉ. मिस वागळे, मेंदूच्या रोगांतल्या मोठ्या तज्ज्ञ. आणि रुग्ण प्रत्यक्ष मंचावर.

“रुग्ण येईल ना, देवचक्के?” त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, माझा रुग्ण आहे, येणारच.

वागळेबाईंना सविस्तर पत्र टाकलं. इंग्रजी बरं जमलं होतं.

कर्जत, १९ डिसेंबर

वागळेबाईंचं उत्तर आलं. बाई कामाची दिसते, एकही शब्द फुकट नाही. या रोगावर पेनिसिलामिन नावाचं औषध आहे, तांबं पकडून लघवीवाटे बाहेर काढतं. विलायतेहून येतं. त्यांच्याजवळच्या थोड्या कॅप्सुला माणसाबरोबर पाठवतायत. तोवर आणि त्यानंतरही पोटात जाणारं तांबं बंद करायचं. सगळ्यात आधी तांब्याच्या भांड्यातलं पाणी.

झुंबरबाई आणि मुक्ता आल्याच होत्या. मी पथ्य सांगितलं. शेंगदाणे बंद. तीळ बंद. मटणातलं काळीज बंद. त्यावर झुंबरबाई म्हणाली, काळीज कुठं रोज शिजतंय, पहिल्यांदा मटान तर दिसू द्या. मग मी खुर्ची पुढे घेतली आणि महत्त्वाचं सांगितलं.

“बाई, तांब्याचं पाणी बंद. एक घोटसुद्धा नाही. कळलं?”

“कळलं.”

“काय कळलं ते सांगा.”

“तांब्या बंद.”

ही माझी पद्धत आहे. रोग्याकडून सांगितलेलं उलट म्हणवून घेतल्याशिवाय मी त्याला दाराबाहेर जाऊ देत नाही. जिल्ह्यातल्या निम्म्या डॉक्टरांना एवढंही सुचत नाही. ते आपले कागदावर लिहून देतात आणि रोगी तो कागद आढ्याला खोचून ठेवतो.

मग पानी कशानं प्यायचं, असं तिनं विचारलं. मी म्हटलं, पेल्यानं प्या, फुलपात्रानं प्या, स्टीलचं असलं तर उत्तम. पोरीचा हात थरथरतो, पेला सांडतो, म्हणाली. मी म्हटलं, सांडू दे, पण तांब्या नको. मुक्तानं काहीतरी म्हटलं. आईनं सांगितलं, “पीन म्हनती, तू पाजशील तसं.”

२ जानेवारी १९७३

परिषदेची निमंत्रणं छापून आली. आप्पासाहेबांचा आग्रह होता, सगळं मराठीत. इथवर ठीक. पण ‘मूव्हमेंट’ला मराठी शब्द कोणता घ्यावा हे त्यांनी कुणालाही विचारलं नाही. आर्ट पेपरवर, सोनेरी किनारीच्या चौकटीत, ठळक अक्षरांत:

‘दुर्मिळ आनुवंशिक चळवळींचे विकार’

मी ते वाचलं आणि इतका हसलो की सौ. आतून बघायला आली. आप्पासाहेबांकडे ट्रंक कॉल लावला. चळवळ म्हणजे मोर्चा, घोषणा, लाठीमार. आपल्याला हालचाल म्हणायचंय, असं सांगितलं. ते म्हणाले, अर्थ लावणाऱ्याला बरोबर लागतो. आता छापून झालंय.

शब्द तोंडातून काढण्याआधी समोरच्याच्या कानात तो काय होऊन पडेल याचा विचार करावा लागतो, हे एवढ्या मोठ्या डॉक्टरला कुणी सांगायचं? मी तर नाही सांगणार. मला परिषद पार पाडायची आहे.

मिरजगाव, ११ जानेवारी

कॅप्सुला घेऊन स्वतः आलो. दवाखान्यात बोलावता आलं असतं. पण पथ्य पाळलं जातं की नाही हे घरात बघितल्याशिवाय कळत नाही. आता कर्जतच्या एसटीची वाट बघत हॉटेलात बसून लिहितोय.

घर गावाच्या कडेला, दोन खणांचं, सारवलेलं. अंगणात फुटका रांजण आडवा पडलेला, त्यात कोंबडी बसलेली. पाणी टँकरनं येतं. दोन-दोन, तीन-तीन दिवस टँकर फिरकत नाही म्हणे, मग आहे ते पुरवायचं. पण पथ्याची शिस्त पाहून मी थक्क झालो. फळीवर तांब्या उपडा घालून ठेवलेला. तोही तांब्याचा नव्हे, जर्मनचा, म्हणजे ॲल्युमिनियमचा. त्या हलक्या जर्मनच्या भांड्यात तांब्याचा अंशही नसतो. पण डॉक्टरनं सांगितलं म्हणून तोसुद्धा बाद. मी मनात म्हटलं, जास्तीचं पथ्य पाळलं तर बिघडत काही नाही, उगाच गोंधळ कशाला घाला.

झुंबरबाईनं आतून पाणी आणून दिलं, स्टीलच्या पेल्यात. मला दाखवण्यासाठीच पेला जरा उंच धरला. “नवा घेटलाय,” म्हणाली. पाण्याला कसलीशी तुरट, जिभेवर रेंगाळणारी चव होती. टँकर गंजलेला असणार. पंचायत समितीला कळवलं पाहिजे.

उंबऱ्याशी एक पोरगा गुडघे जवळ घेऊन बसला होता. मुक्ताचा नवरा बन्सी. दुष्काळी कामावर खडी फोडतो आणि सुटी मिळाली की इकडे येऊन बसतो. बायको आज जाते की उद्या, हे बघून दुसऱ्या लग्नाची तारीख काढायला येत असावा. आज केळी घेऊन आला होता. एक अक्षर बोलला नाही. केळं सोललं, वाटीत बोटांनी कुस्करलं, वाटी मुक्ताजवळ सरकवली आणि पुन्हा उंबऱ्याशी जाऊन बसला. या लोकांना व्यवहार चांगला कळतो.

निघताना मी झुंबरबाईला रोग रक्तातून कसा येतो ते समजावलं. तिचा नवरा सहादेव हा तिच्या सख्ख्या आत्याचा मुलगा. नात्यातल्या नात्यात लग्नं केली की असले दोष समोरासमोर येतात, म्हटलं.

“मंग काय परक्यात द्यायची?” ती म्हणाली. “मुक्ती परक्यातच दिली हुती की. त्येंनी माघारी लावून दिली.”

बन्सीनं मान खाली घातली. एसटीची वेळ झाली होती.

कर्जत, १७ जानेवारी

अपेक्षेप्रमाणे नगरला पोलीस चौकीतून आप्पासाहेबांकडे एक हवालदार येऊन गेला. चळवळ कसली, मोर्चा कुठून निघणार, लाऊडस्पीकरचा परवाना घेतला का? आप्पासाहेबांनी त्याला तासभर विल्सनचा रोग समजावून सांगितला. हवालदारानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “पुढारी कोन हाय ह्यांचा?”

ही गोष्ट मी आजच तीन ठिकाणी सांगितली.

२८ जानेवारी

मुक्ताला झुंबरबाई बैलगाडीनं घेऊन आली. एसटीत बसवत नाही म्हणाली. पोरगी वाळली आहे. फडफड वाढली. आता घास गिळताना ठसका लागतो, लाळ ओघळते. कॅप्सुला वेळेवर देते का, विचारलं. देते. शेंगदाणे? घरात आनलं न्हाईत. तांब्या? “हात न्हाई लावला. संक्रांतीला पाव्हनं आले, त्येंना बी पेल्यानंच दिलं. लोक हसत्यात मला, ह्या घरात तांब्या मिळत न्हाई म्हनून.”

या औषधानं पहिले काही आठवडे रोगी उलट खालावतो असं पुस्तकात आहे, वागळेबाईंनीही लिहिलं होतं. तेच असणार. मी झुंबरबाईला तसं सांगितलं. तिनं मान डोलावली. जाताना दाराशी थांबली. “भीमा बी असाच खाली खाली गेल्ता,” म्हणाली, आणि पोरीला धरून पायऱ्या उतरली.

इथं खोटं लिहिण्यात अर्थ नाही. ती गेल्यावर माझ्या मनात आलं की परिषद दोन आठवड्यांवर आली आहे, तोवर थरथर अशीच राहिली तर मंचावरून स्पष्ट दिसेल. असा विचार आला, आणि तो मी लगेच झटकला नाही. जरा वेळ त्याच्याबरोबर बसलो.

जेवताना सौ.नं विचारलं, “पण पाणी पितात कशातनं?”

“स्टीलच्या पेल्यातनं. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.”

ती आणखी काही विचारणार होती. मी म्हटलं, वाढ.

नगर, ११ फेब्रुवारी, रविवार

परिषद झाली.

सकाळी हॉल भरला होता. जिल्ह्यातले डॉक्टर तर आलेच, शिवाय दाराशी साध्या वेशातला एक पोलीस शेवटपर्यंत वही घेऊन बसला होता. आप्पासाहेबांचं स्वागतपर भाषण लांबलं. वागळेबाई पांढऱ्या सुती साडीत, चष्मा, आवाज बारीक पण ठाम. त्यांनी अशा रोगांची एकेक ओळख करून दिली: कुठला बापाकडून थेट मुलात उतरतो, कुठला दोन्ही बाजू जुळल्याशिवाय दिसत नाही, कुठल्यावर इलाज नाही. विल्सनवर आहे, म्हणूनच तो चुकवता कामा नये, म्हणाल्या. माझं नाव घेऊन, तालुक्याच्या जागी बसून हे निदान करणं सोपं नाही, असंही म्हणाल्या. टाळ्या झाल्या. इथवर दिवस माझा होता.

मग मुक्ताला आणलं. झुंबरबाईनं तिला धरून खुर्चीत बसवलं आणि शेजारी उभी राहिली. हात पुढे कर, म्हटलं. हात फडफडले. सगळ्या हॉलनं एकदम मान पुढे काढली. कोपरगावचे दोघे उशिरा आले होते, त्यांच्यासाठी आप्पासाहेबांनी पुन्हा हात पुढे करायला लावले. मागच्यांना दिसलं नाही म्हणून तिसऱ्यांदा. तेव्हा मुक्ता काहीतरी बोलली. वागळेबाईंनी झुंबरबाईकडे पाहिलं. झुंबरबाईनं या वेळी मराठी केलं नाही.

वागळेबाईंनी मुक्ताचे हात आपल्या हातात घेऊन खाली मांडीवर ठेवले आणि ते तिथेच धरून ठेवले. मग झुंबरबाईला विचारायला लागल्या. औषध कधी देता, जेवणाआधी की नंतर, घरात कोण कोण आहे. सगळी उत्तरं बरोबर होती. मी पहिल्या रांगेत होतो, माझीच तोंडी परीक्षा चालल्यासारखं वाटत होतं आणि मी पास होत होतो.

“आणि पाणी?”

“पेल्यानं,” झुंबरबाई म्हणाली. माझ्याकडे बोट केलं. “डाक्टरांनी तांब्या बंद केलाय. तवापासनं तांब्याला हात न्हाई लावला.”

“पेल्यात पाणी कशातनं घेता?”

“हंड्यातनं.”

“हंडा कशाचा आहे?”

झुंबरबाईनं बाईंकडे अशा नजरेनं पाहिलं की मुंबईच्या माणसाला काय काय सांगावं लागतं. “तांब्याचा,” म्हणाली. “रांजन फुटला. मुक्तीच्या लग्नातला हंडा हाय, चांगला जाड, त्यात पानी चार दिवस गार ऱ्हातं.”

माझ्या डोक्यात ते सगळं एकदम नाही आलं. आधी ती तुरट चव जिभेवर आली. मग फळीवरचा तो उपडा जर्मनचा तांब्या. मग माझेच शब्द, एकेक, माझ्याच आवाजात. तांब्याचं पाणी बंद. काय कळलं ते सांगा. तांब्या बंद.

घरातलं जे एकच भांडं निर्दोष होतं ते मी बंद करवलं होतं. आणि ज्यात तीन-तीन दिवस पाणी मुरत होतं, त्याच्याकडे कुणी बघितलंही नव्हतं. मी तर त्यातलं पाणी पिऊन टँकरला शिव्या दिल्या होत्या.

मागून कुणीतरी हसलं, मग बरेच जण. झुंबरबाईला कळेना कशाला हसतात. तिनं पुन्हा सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, हात न्हाई लावला, देवाशप्पत. वागळेबाईंनी हॉलकडे पाहिलं. हसणं थांबलं.

मी उठलो. झुंबरबाईला म्हटलं, तुमची काही चूक नाही. मी भांडं कोणतं ते सांगितलं आणि धातू सांगायचा राहिला. हंड्यातलं पाणी आजपासून बंद. तांब्या सुरू.

तिनं मुक्ताला धरून खुर्चीतून उठवलं.

जेवणाच्या वेळी आप्पासाहेब ताट घेऊन शेजारी आले. भात कालवता कालवता म्हणाले, “देवचक्के, आमची चळवळ बरी म्हणायची.”

वागळेबाई म्हणाल्या, यकृत अजून बऱ्यापैकी आहे, उशीर झालाय पण हातचं गेलेलं नाही. वर्ष लागेल. तांब्याचा घोळ कसा झाला ते मी सांगितल्यावर म्हणाल्या, पुन्हा उलट म्हणवून घ्याल तेव्हा त्यांच्या शब्दांत म्हणवून घ्या.

मिरजगाव, १२ फेब्रुवारी

सकाळीच कुंभाराकडून मोठा माठ घेतला. स्कूटरच्या मागच्या सीटवर सुतळीनं बांधला आणि निघालो. रस्त्याकडेच्या कामावरची माणसं फावडी टेकून बघत होती. एकानं विचारलं, “डाक्टर, लगीन कुनाचं?”

झुंबरबाई घरातच होती. हंडा अंगणात आणून ठेवला होता. चिंचेनं घासून लखलखीत केलेला, म्हणजे सकाळपासून ती तेच करत बसली असणार. मी आणलेल्या माठाकडे तिनं पाहिलंही नाही.

“भीमाला बी ह्येच्यातलंच पाजलं,” म्हणाली. “ताप चढायचा, पानी पानी करायचा. मी गार म्हनून ह्येच्यातलं द्यायचे. लग्नाआधीच घेऊन ठेवला हुता की हंडा.”

मी खाली बसलो. तिला समजेल अशा शब्दांत सांगितलं. हा रोग हंड्यानं होत नाही. गावात घरोघरी हंडे आहेत, सगळे त्यातलंच पितात, कुणाला काही होत नाही. दोष जन्मापासून आतच होता. भीमा हंड्यामुळे गेला नाही. हे शास्त्र आहे आणि खरं आहे. मी तीन वेळा, तीन तऱ्हांनी सांगितलं.

तिनं सगळं ऐकून घेतलं.

“मंग बंद कशाला करता?”

माझ्याजवळ याचंही उत्तर आहे. साठलेल्यात भर पडू नये म्हणून. ते मी दिलंसुद्धा. पण ते देताना मी तिच्या तोंडाकडे बघत होतो, आणि मला कळत होतं की ही बाई आता माझं उत्तर घेत नाही, तिचं तिला मिळालेलं आहे. ते काढून घ्यायला माझ्याकडे अवजार नाही.

उंबऱ्याशी बसलेल्या बन्सीनं उठून माठ उतरवला, सावलीत तिवईवर बसवला, भोवती गोणपाट गुंडाळलं. मग हंडा खांद्यावर घेतला आणि कुठेतरी गेला. रिकाम्या हातांनी परत आला.

कर्जत, १९ एप्रिल

मुक्ता आहे तशीच. खालावली नाही, हेच मोठं, असं वागळेबाई लिहितात. मी आता रोग्याला सांगितलेलं उलट म्हणवून घेतल्यावर आणखी एकदा, घरी जाऊन नेमकं काय करणार ते हातानं करून दाखवायला लावतो. काल एका म्हातारीनं डोळ्यांत घालायचे थेंब कसे घालणार ते दाखवताना डोकं मागे टेकवून तोंड उघडलं. दवाखान्यात आता गर्दी सरत नाही. सौ. म्हणते, बरं झालं.

२२ जुलै

मुक्ता भाकरी थापते. वेडीवाकडी, पण थापते. ठसका बंद झाला. बोलणं अजून जड आहे, निम्मं मला कळतं.

बन्सी आता मिरजगावातच राहिलाय. दुष्काळी कामं संपली, मग सासऱ्याच्या पट्टीत राबायला लागला. त्याच्या बापानं त्याचं नाव टाकलं म्हणतात. याच्यात त्याचा काय फायदा, हे मला अजून उलगडलेलं नाही. शेतं तर कोरडवाहू.

४ नोव्हेंबर

वागळेबाईंकडून कॅप्सुलांची नवी खेप. विलायतेहून बोट वेळेवर लागली. बाईंना मी आता मराठीत पत्रं लिहितो. त्यांनाही बरं वाटतं असं वाटतं.

नगर, १० फेब्रुवारी १९७४, रविवार

यंदाच्या परिषदेत मुक्ताला पुन्हा आणावं, असा आप्पासाहेबांचा धोशा होता. बरा झालेला विल्सन जिल्ह्यानं कुठं पाहिलाय, म्हणाले. मी या वेळी तिला स्वतः विचारलं, आईला नाही. ती ‘येते’ म्हणाली.

निमंत्रणात या वर्षी ‘हालचालींचे विकार’ असं बरोबर छापलं होतं. त्यामुळे पोलीस आला नाही आणि डॉक्टरही कमीच आले.

मुक्ता चालत मंचावर गेली. हात पुढे कर म्हणून कुणी सांगायच्या आधीच केले. हात स्थिर होते. डाव्या हाताची करंगळी तेवढी हलत होती, तीही बघायची म्हणून बघितली तर. दोन रांगा थोडा वेळ वाट बघत बसल्या. मग पाथर्डीचे एक डॉक्टर शेजारच्याला हळूच म्हणाले, “यात बघण्यासारखं काही नाही,” आणि दोघं चहाला गेले. त्यांच्यामागून आणखी काही उठले. मी उठून जाणाऱ्यांकडे बघत होतो. माझ्या एवढ्या वर्षांच्या धंद्यात मला असा मान कुणी दिला नव्हता.

श्रीगोंद्याचा एक तरुण डॉक्टर मात्र पुढे आला. मुलाखत घ्यावी तशी त्यानं वही उघडली आणि विचारलं, “मुक्ताबाई, आता तुम्हाला काय त्रास होतो?”

झुंबरबाईनं सवयीनं तोंड उघडलं. मुक्तानं आईच्या हातावर हात ठेवला.

“रोगाचा न्हाई,” ती म्हणाली. “तुमी समदी लई बोलता, त्येचा हुतो.”

एकेक अक्षर सुटं होतं. लाऊडस्पीकर बिघडला होता, तरी शेवटच्या बाकापर्यंत गेलं. दाराशी चपला शोधत असलेला बन्सी मोठ्यानं हसला. त्याचा आवाज मी आज पहिल्यांदा ऐकला.

मी आभार मानायला उठलो होतो. खाली बसलो.